तासाला एक विमान कमी

सांताक्रूझ, मुंबई
१२ मार्च १९६४

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. मी विमानतळावर नेमकं काय करतो हे भाऊजींना कळत नाही म्हणतेस. सोपं आहे गं. गच्चीवर बसायचं. विमान ज्या धावपट्टीवर उतरेल, तिच्या नावाखाली रेघ ओढायची. मग तासाची बेरीज, महिन्याची सरासरी. कोणत्या धावपट्टीवर किती गर्दी होते, ते साहेब त्यावरून ठरवतात. कुठे शिकलास असं कुणी विचारलं की मी सांगतो, खळ्यावर.

खोटं नाही ते. ज्वारीच्या राशीपुढे बाबा पायली घेऊन बसायचे. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं; मग दोन, तीन. वीस पायल्यांचं पोतं भरलं की पुन्हा लाभ. तू सुपावर कोळशानं रेघा ओढायचीस आणि नाक काळं करून घ्यायचीस. चौथीतली पोर, पण तुझी बेरीज मास्तरांच्या आधी व्हायची.

गेल्या आठवड्यात साहेबांनी माझी वही टॉवरच्या वहीशी ताडून पाहिली. म्हणाले, बाकीच्यांची संख्या कधी कमी भरते, कधी जास्त. तुमची मात्र दर तासाला नेमकी एकानं कमी. दुसऱ्या दिवशी मी स्वतःवरच पाळत ठेवली. तासातलं पहिलं विमान टेकलं, मी 'लाभ' पुटपुटलो, आणि रेघ ओढलीच नाही! साहेब पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

त्याच वर्षी खळ्यावर किसनकाकांचा वाटा मोजायचा होता, तेव्हा तू पाणी आणायला गेलीस आणि कोळसा माझ्या हाती दिलास. लाभ म्हणजे देवाचं, त्याची रेघ नसते, असं मी धरून चाललो आणि वीस रेघा झाल्या की पोतं भरलं म्हणून ओरडलो. काकांच्या पोत्यांत एकवीस-एकवीस पायल्या गेल्या, आपली रास कमी भरली. हिशेब तुझ्याकडे, म्हणून बाबा तुझ्यावर कडाडले, "पोरीले हिसाब कायले पाह्यजे? बस झाली शाळा!" तू माझ्याकडे पाहिलंस, बोलली नाहीस. मीही गप्प राहिलो. जूनपासून शाळेत एकटाच जाऊ लागलो. चूक तुझीच असेल, अशी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आलो. अक्का, मला फार लाज वाटते.

पत्राच्या शेवटी तू एकच ओळ लिहिलीस, की तुझ्या पुष्पाची चौथी संपत आली, बाबांच्या सांगण्यावरून भाऊजी तिला आता घरी बसवणार. म्हणून हे लिहितोय. आखाजीच्या सणाला तू माहेरी जानेफळला जाशील, तेव्हा हे पत्र घेऊन जा. बाबांना वाचता येत नाही. भाऊजींनाही शेजारी बसव आणि पुष्पाला मोठ्यानं वाचायला लाव. एकही ओळ गाळू नको म्हणावं.

तुझाच,
इंद्रभान