उरलेली स्प्रिंग

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (शिडाच्या बोटीवर तो न ठरवताही घडतो. काल दोनदा घडला.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? मी खुशाल आहे, फक्त ओली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या वर्कशॉपमध्ये भाषण ठोकलं होतं, ते तुम्ही विसरला असाल तर बरं. तुम्ही पंप खोलताना एकेक भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडता आणि उलट्या टोकाकडून जोडत येता, त्याला मी अडाणी पद्धत म्हणाले. शिकलेला माणूस आकृती बघून काम करतो, असंही म्हणाले. घरातली पहिली पदवीधर बोलतेय म्हणून तुम्ही नुसती मान डोलावलीत. तेव्हाच एक कानाखाली वाजवायला हवी होतीत.

तर ही बोट एका निवृत्त जोडप्याची. बाई कप्तान (पूर्वी मुख्याध्यापिका, अजूनही त्याच), आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका, सांगाल ते काम करणारे. मी समुद्राचं पाणी तपासून समुद्र वाचवायला आले आहे. तिसऱ्या दिवशी तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप तुंबला. बाई म्हणाल्या, "इंजिनिअर, जमेल ना?" मी पुस्तक उघडलं, पंप खोलला, साफ केला, जोडला. एक स्प्रिंग उरली. आकृतीत ती नव्हती, म्हणजे जास्तीची असणार, असं मी स्वतःला पटवलं आणि ती मोज्यात लपवली. (आकृती दुसऱ्याच पंपाची होती, हे मागाहून कळलं.)

सकाळी पंप जोरात चालला. बंद केला, तर त्याच वाटेने समुद्र आत यायला लागला; उलटं पाणी अडवणारी झडप त्या स्प्रिंगविना मिटतच नव्हती. गाद्या, पीठ, माझ्या नमुन्यांच्या बाटल्या, सगळं तरंगत होतं. बाई पातेल्याने पाणी उपसता उपसता काकांवर कडाडल्या, "तुम्हीच पाय दिला असेल नळीवर! तीस वर्षं सांगतेय, खाली बघून चाला!" काकांनी आपल्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिला असेल गं."

मामा, मी तिथेच उभी होते. मोज्यात स्प्रिंग टोचत होती आणि मी नळीत चिंध्या कोंबून पाणी थांबवत होते. तेव्हापासून काका खाली बघूनच चालतात. काल शिडाच्या आडव्या दांड्यावर डोकं आपटलं. चूक माझी, टेंगूळ त्यांना. त्यातून मलाच म्हणतात, "तू होतीस म्हणून बोट वाचली, पोरी."

आज दुपारी दोघं पडलेले असताना स्प्रिंग गुपचूप परत बसवली. आता दोन वॉशर उरले आहेत.

तुमची भाची

ता. क. सोबतच्या पत्त्यावर रद्दी पाठवा. तुमच्या बाकाखालचीच, ग्रीस लागलेली. इथे मांडायला कागदच नाही.

ता. क. २. मामी, मामांचे हात काळे असतात म्हणून पत्रं तुम्ही मोठ्याने वाचता. हे पत्र मनातल्या मनात वाचा.

ता. क. ३. पाकीट बंद करवेना. जेवताना हेच पत्र दोघांना वाचून दाखवलं. काका टेंगूळ चोळत हसायला लागले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तुमचा पत्ता लिहून घेतला आहे. मला परत धाडायला की तुम्हाला बोलवायला, हे विचारायचं धाडस झालं नाही. तरी रद्दी पाठवाच.