कॉमनवरचं फाटक

ॲशकोंबचा दवाखाना,
३ सप्टेंबर १९५३

चि. थर्झास,
हेस्टरआत्याचे अनेक आशीर्वाद.

दवाखान्याचा पत्ता पाहून घाबरू नकोस. डुकरांना खायला घालताना घसरले आणि पाय मोडला. डॉक्टर म्हणाले, अगदी कॉमन मोड आहे, कुणाचाही होतो. मी म्हटलं, होत असेल, पण दुखतोय माझाच!

खरं दुखणं निराळंच आहे. हवेलीचा नवा मालक लडग्रोव्ह याने आपल्या कॉमनच्या, गावच्या सामाईक रानाच्या, वाटेवर फाटक घालून कुलूप ठोकलंय. रीत तुला ठाऊक आहे. २९ तारखेला घरच्याच माणसाने डुकरं ओकच्या झाडांखाली चरायला सोडायची. एक वर्ष चुकलं की त्या घराचा हक्क कायमचा गेला. बाकीच्यांनी कंटाळून नाद सोडला, उरलो आपण. आपणही चुकलो की सगळं रान त्याच्या घशात. रक्ताचं माणूस तूच आहेस. ये.

तुझी,
हेस्टरआत्या


लंडन, ८ सप्टेंबर

ती. हेस्टरआत्यास,
थर्झाचा सा. न. वि. वि.

पाय जपून टेक. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे पाठवते आहे.

पण आत्या, त्याच दिवशी रूपर्टच्या आईने चहाला बोलावलंय. लग्नाची तारीख ठरायची आहे. आपली डुकरं आहेत हे तिला कळलंय. ती रूपर्टला म्हणाली की मुलगी गोड आहे, पण जरा कॉमनच. इथे त्या शब्दाचा अर्थ हलकी, गावंढळ असा होतो. तो ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. मी नाही येऊ शकत. शेजारच्या एमॉसला सांग ना. रागावू नकोस.

तुझीच,
थर्झा


दवाखाना, ११ सप्टेंबर

चि. थर्झास,
आशीर्वाद आहेतच, पण आज रागही आहे.

अगं बये, त्या बाईने मोटार घेण्याच्या कितीतरी आधीपासून तो शब्द आपल्या घरात आहे! कॉमन म्हणजे सगळ्या गावाचं, म्हणून कुणाच्या बापाचं नाही असं रान. चर्चमध्ये सगळे मिळून करतो ती प्रार्थनाही कॉमनच. साध्या अकलेलाही कॉमनच म्हणतात, ती तुझ्या होणाऱ्या सासूला थोडी मिळाली असती तर बरं झालं असतं. इतके अर्थ सोडून तू नेमका तिचाच उचललास?

एमॉस चालायचा नाही, घरचंच माणूस लागतं. यायचं असेल तर ऐक. कुलूप फोडू नकोस, त्याला तेच हवंय. फाटक बिजागऱ्यांवरून वर उचल आणि हळूच कुंपणाला टेकव. डचेसला पुढे घाल, बाकीची डुकरं तिच्यामागे जातात. लाज वाटत असेल तर मात्र येऊ नकोस. मला बाजेवरून उचलून न्यायला लावीन, पण जाईन.

हेस्टरआत्या


ॲशकोंब, आपलं घर,
२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डुकरं गेली! फाटक उचलताना पाठीत चमक भरली, पण उचललं. लडग्रोव्हचा कारभारी ओरडत होता की कुणाच्या परवानगीने. मी म्हटलं, हेस्टर पर्किसच्या भाचीला परवानगी कसली लागते?

तेवढ्यात रूपर्टची मोटार आली. चहाला नाही म्हणून कळवलं होतं, तर आईला घेऊन मला न्यायलाच आला. डचेस वाटेत आडवी बसली. काचेतून त्याची आई म्हणाली, लोक काय म्हणतील, लवकर बस गाडीत. मी म्हटलं, लोक कॉमन म्हणतील, आणि मी आहेच. तुमची गाडी मागे घ्या, माझ्या डुकरांना जायचंय. रूपर्ट खाली उतरला. मला वाटलं, मदतीला हात लावायला आला. तो मडगार्डवरचा चिखल पुसत बसला. अंगठी तिथेच त्याच्या हातात दिली. नंतर ओकाखाली बसून खूप रडले, आत्या, खोटं कशाला सांगू.

चूल पेटवली आहे. तू येईपर्यंत इथेच राहते. काल लडग्रोव्हच्या माणसांनी फाटक परत बसवलं. आज सकाळी मी परत काढलं. उद्या बसवलं तर उद्याही काढीन.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
थर्झा