ताईने आणलेल्या सह्या

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू म्हणशील, बोक्याला काहीतरी हवं असणार. हवंच आहे.

गाड्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून कारखान्यातला जोडणीचा पट्टा आठवड्यातून दोनच दिवस फिरतो. मी ज्यांची दारं बसवली त्या गाड्या मागच्या मैदानात धूळ खात उभ्या आहेत. सरकारने पैसा ओतला नाही तर उन्हाळ्यात कुलूप लागेल, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतो? युनियनने सरकारकडे अर्ज केलाय. तुमच्या भागातून निवडून आलेले आमदारसाहेब अजून कुंपणावर आहेत. गावातून सह्या गेल्या तर ते सभागृहात बोलतील. निम्मं गाव तुझ्या हातांवर जन्मलंय, तुला कोण नाही म्हणेल?

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
बोका

१३ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

आधी संताप आला. मालकांनी नफा कधी वाटला नाही, तोटा मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचा! आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातला पाण्याचा बंब वर्षभर बंद आहे, आम्ही स्टोव्हवर पातेली चढवतो. त्यासाठी कुणी अर्ज केला नाही. फोनवर तू मला हे पुरतं बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहिते.

मग राग निवला आणि तुझं घर डोळ्यांपुढे आलं. सह्या आणल्या. पहिली तुझ्या वर्गातल्या शिंप्याची. त्याची लेक पोटुशी आहे, ती पोटावर हात ठेवून म्हणाली, आमच्या दोघांची मिळून एक धरा. अर्ज कुणी वाचलाही नाही. तुम्ही सांगताय ना, मग झालं, असंच सगळे म्हणाले.

काम कमी झालंय म्हणून पोट वाढवू नकोस.

रागावले तरी तुझीच,
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे मंजूर झाले! साहेब तुमच्या सह्यांचा गठ्ठा हातात धरून बोलले म्हणे. पट्टा पुन्हा रोज फिरतोय. पहिलं दार बसवताना मला रडू आलं. शेजारच्याने डोळ्यात वंगण गेलं का विचारलं, मी हो म्हणालो. शिंप्याला माझा नमस्कार सांग. तू इतकी गप्प का?

तुझ्या उपकारात राहू इच्छिणारा,
बोका

९ जून

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

तू आनंदात होतास, म्हणून लिहिलं नाही. आमचा वॉर्ड बंद झाला. खर्चात कपात, एवढंच हुकमात होतं. आता बाळंतिणींनी डोंगरापलीकडच्या शहरात जायचं.

शिंपी, मी आणि गावातले काही जण साहेबांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आणि मग सह्यांचे कागद काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, तिजोरी एकच आहे, आधी काय हवं ते तुमच्या गावानेच लिहून दिलंय. शिंपी आपल्या सहीकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या लेकीला कळा आल्या. मी तिच्यासोबत गाडीत मागे बसले होते. घाटातच ती बाळंत झाली. इतकी वर्षं हेच काम केलं, पण तिथे हाताशी काहीच नव्हतं. ती वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय लिहू? रोज दारं बसवतो आणि त्या बाळाचाच विचार करतो. येऊन शिंप्याच्या पाया पडू का? कारखाना बंद झाला असता तर इथली हजारो घरं बसली असती. आपण बरोबर केलं, एवढं एकदा लिही ताई. मला झोप नाही.

बोका

२६ जून

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

आत्ता येऊ नकोस. मी शिंप्याकडे रोज जाते. बसा म्हणतात, आणि शिंपी पुन्हा मशीनवर वाकतो.

ती हजारो घरं खरी आहेत. त्यात तुझं घर आहे, म्हणून मला बरंही वाटतं, आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटते. वॉर्ड कदाचित तसाही बंद झाला असता. पण मग साहेबांना दाखवायला माझ्या हातचे कागद नसते.

तू उद्या पुन्हा मागितलंस तर मी पुन्हा सह्या आणीन. पण बरोबर केलं, असं माझ्याकडून लिहून मागू नकोस. तुझ्यावर माझी माया आहे. तिच्यापायीच मी दारोदार फिरले.

ताई