माझ्याच पाळीला मिटलेलं कडं

आळंद, नोव्हेंबर २०२५

प्रिय नागेंद्रअण्णा यांस,

सोमशेखरचे शरणु शरणार्थी. इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे? नौबादच्या गच्चीचा जिना फार चढू नका, असं मनापासून वाटतं (का वाटतं, ते पुढे येईलच).

अण्णा, सरळच लिहितो. गेली सात वर्षं मी तुमच्यावर जळतो आहे. तुमच्या घरभरणीला तुम्ही दुर्बीण लावून साऱ्या सासरवाडीला शनीचं कडं दाखवलंत, तेव्हापासून माझ्या घरात आकाश तुमच्या मालकीचं आहे. मी गच्चीवर सोलर बसवला, तरी सुधारानी म्हणाली, "बरंय, पण दाजीनं दाखवलेलं कडं लई भारी व्हतं." आपण साडू, दोघांना एकाच घरच्या मुली दिल्या, पण कौतुक सगळं नौबादला गेलं.

म्हणून यंदा हैदराबादहून तुमच्यापेक्षा हातभर लांब दुर्बीण आणली. सासूबाई मुक्कामाला आल्या आहेत, गेल्या शनिवारी संध्याकाळी अख्खी गल्ली गच्चीवर बोलावली. आता नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची नाही, हा आपल्या सासूबाईंचा, चंद्रम्माबाईंचा नियम तुम्हाला माहीत आहेच (मिक्सरही सुटला नव्हता). मी खाली खुर्च्या आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर तीन बोटांनी विभूती ओढली. मी डोळा लावला तर शनी ताकात पडल्यासारखा. रुमालानं काच पुसली. शनी लख्ख दिसला, पण कडं नाही. मी घाईत विभूतीला दोष दिला आणि तिथंच घात झाला.

सासूबाई म्हणाल्या, "इबुतीनं कुणाचं काई जात न्हाई. नागेंद्रच्या शनीला कडं व्हतं, तुमचा बोडका कामून दिसायलाय?" गल्ली खुर्च्यांसकट हसली. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

मग मोबाईलवर वाचलं. ते कडं म्हणजे बर्फाचे तुकडे, सतत पळणारे, आतले जोरात, बाहेरचे सावकाश. रुंदी अफाट, जाडी जवळपास नाहीच. शनी कललेला असल्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी कडं आपल्याला नुसतं कडेनं दिसतं, भाकरी डोळ्यासमोर आडवी धरावी तसं. तुम्ही दुर्बीण घेतलीत तेव्हा ते पुरतं उघडलेलं होतं, मी घेतली तर मिटलं. ग्रहसुद्धा तुमच्याच बाजूचे.

नागरत्नाअक्कांना नमस्कार.

तुमचा साडू,
सोमशेखर

ता. क. खरं काम हे, की येत्या शनिवारी तुमची दुर्बीण घेऊन या. सासूबाईंसमोर तिच्यातूनही शनी बोडकाच दिसू दे, म्हणजे त्या माझ्याशी बोलतील. गुडघ्याचं काय ते बघू.

पुन्हा ता. क. येऊ नका. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात सुधारानी गच्चीवरून हाक मारायला लागली. सासूबाई दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, शनीच्या आरपार केसावानी रेघ दिसायलीय. ही नागेंद्रनं कधी दाखविली न्हाई." तेव्हा कृपा करून कडं उघडेपर्यंत तुमच्या दुर्बिणीवरचं फडकं काढू नका.