तोड्यांची मजुरी

बाबा, तुम्ही, शेजारचा कोष्टी, वेशीजवळचा कुंभार, हातानं वस्तू घडवून पोट भरणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. गिऱ्हाईक वस्तू तोलायचं, त्यामागचे दिवस कोणी तोलत नव्हतं. या गाऱ्हाण्यावर मी जन्मभर बोलत आलो. निजामाच्या राज्यात बोललो, ते राज्य गेल्यावरही बोललो. तुमच्याशी मात्र याविषयी एकदाही धड बोललो नाही.

अंबडच्या बाजारातला आपला ओटा मला अजून दिसतो. तुम्ही शेगडीपुढे बसला आहात, तोंडात फुंकणी, गाल फुगलेले. गिऱ्हाईक आपल्या घरची चांदी घेऊन आलं आहे, तिचे पायांतले तोडे करायचे आहेत. ते विचारतं, मजुरी किती? तुम्ही फुंकणी काढता, लाजता, आणि म्हणता, "द्या मनाला येईल ते." मागे भिंतीला टेकून मी यंत्रं आणि मजूर यांवरचं जाडजूड पुस्तक वाचत असतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत असतो. अशातच जालन्याहून एक व्यापारी आला. रेल्वेनं उतरवलेल्या पेट्यांत यंत्राच्या ठप्प्याचे तोडे, आतून पोकळ, वरून लखलखीत, प्रत्येक जोडाला किमतीची चिठ्ठी बांधलेली. घासाघीस नाही, वाट पाहणं नाही. लगीनसराई तोंडावर आली तरी तुमची शेगडी चार-चार दिवस गार राहू लागली. आई मला म्हणाली, "आणखी एक म्हैना असा गेला तर ऐरण इकावी लागंल. तू तेवढा पुस्तकं वाचून राह्य."

मला ते लागलं. रामनवमीला जांबेच्या यात्रेत भाषण ठोकायचं मी ठरवलं. व्यापाऱ्यानं तिथं पाल टाकलं होतं, त्याच्या समोरच मी एक बैलगाडी धरली. वर चढतो तोच पोलिसांचा जवान आला. निजामाच्या राज्यात चार माणसांपुढे बोलायलाही परवानगी लागे.

"किस पे बोलते जी? सरकार के खिलाफ?"

"न्हाई. तोड्यांवर."

"पाँव के तोडे?" त्यानं जरा विचार केला. "बोलो फिर. मगर जल्दी निपटाओ."

मी जल्दी निपटवलं नाही. तास-दीड तास बोललो. गर्दी जमली, जवानही एका चाकाला टेकून ऐकत राहिला. शेवटी मी आवाज चढवला आणि म्हणालो, "यंत्रातून निघालेले हजार तोडे एकसारखे असतात. माझ्या वडिलांच्या हातचे दोन तोडे कधी एकसारखे निघत नाहीत, आणि त्यातच त्यांची किंमत आहे." टाळ्या पडतील म्हणून मी थांबलो. टाळी एकही पडली नाही. पुढे बसलेल्या सगळ्या बाया खाली वाकून आपापले पाय बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या ओट्यापुढे रांग लागली. प्रत्येकीच्या ओच्यात तोड्यांचा जोड. "तुमचं पोरगंच सांगून राह्यलं, दोन्ही सारखे न्हाईत म्हणून. बराबर करून द्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

रांगेत सर्वांत पुढे घनसावंगीकडची एक पाटलीणबाई होती, बारा बैलांच्या शेतीच्या बारदान्याची मालकीण. तिनं तुमचे जुने तोडे तुमच्यापुढे टाकले आणि व्यापाऱ्याकडचा नवा जोड पायांत चढवून दाखवला. "हे बघ, कसे जुळे हायेत." उजवा चढला. डावा टाचेपाशी अडला. तिनं जोर लावला, पाय लाल झाला, तोडा हलेना. तुम्ही उठलात आणि खुंटीवरच्या दोऱ्यांच्या झुबक्यातून तिच्या मापाचे दोन दोरे काढलेत, एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांचं माप तुम्ही वेगवेगळं घेऊन ठेवत होतात. तुमच्या घरात वाढलेल्या मला याचा पत्ता नव्हता.

"पाटलीणबाई, तुमचा डावा पाय उजव्याहून थोडा भरलेला हाये. म्हणून डावा तोडा सैल केल्ता."

ती आपल्या पायांकडे बघत राहिली. "चाळीस वर्सं संसार झाला, मालकाला ठावं न्हाई, अन् सोनाराला ठावं." रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "किती दिवस लागत्यात रे याला?"

"चार. कधी पाच."

"मंग मजुरी एवढी कमी का घेतूस?"

"म्या कुठं मागितली? तुम्ही दिली ती घेतली."

"मनाला येईल ते द्या म्हणतूस, मंग माझ्या मनाला कमीच येतंय की. माझ्या वावरात एखादा माणूस असं म्हणत आला, तर म्या त्याला येडा समजून हाकलून दीन. सुतार माझी तिफण भरतो, तर दिवसाचा रोज आधी ठरवतो. तू काय सुतारापरीस हलका हायेस?"

तिथंच तिनं सुताराच्या चार दिवसांचा रोज मजुरी म्हणून ठरवला आणि मागच्या बायांना ऐकवला. दोघी-तिघी पुटपुटत निघून गेल्या. बाकीच्या थांबल्या. ऐरण वाचली.

खरी गोष्ट आता सांगतो. पुढे शेकडो सभांत मी ते सुताराचं उदाहरण दिलं, त्यावर टाळ्या घेतल्या, आणि प्रत्येक वेळी ते माझंच म्हणून दिलं. पाटलीणबाईचं नाव कधी घेतलं नाही. तुम्ही एकदा मागच्या रांगेत बसून ऐकलंत, घरी येऊन जेवलात आणि शेगडीपुढे जाऊन बसलात. मी माझं पुस्तक उघडलं. हे पत्र घडी घालून त्या जुन्या पुस्तकातच ठेवणार आहे, कारण तुम्ही जग सोडून गेलात तिथला पत्ता मला ठाऊक नाही, आणि असता तरी धीर झाला नसता. पण एक ऐका. जिथं असाल तिथं कोणी दागिना घडवायला सांगितलाच, साक्षात देवानं सांगितला तरी, चांदीला हात लावण्याआधी आपली मजुरी तोंडानं सांगा.