बाटली हलवून घेतल्याबद्दल

ती. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आणि दादाचा खोकला दोन्ही जागच्या जागी असतील, असं धरून चालतो. (मी पाठवलेलं औषध दादा घेत नाही, हे मला माहीत आहे.) माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे तक्रार ऐकायला घरात कोणी नाही.

पत्रास कारण की, वर्षअखेरीच्या सुट्टीत लेक आणि जावई जेवायला आले होते. ही गेल्यानंतरची पहिलीच सुट्टी. दरवर्षी त्या दुपारी ही फसफसणाऱ्या वाइनचं ते पेय करायची. तुम्ही घेतलं आहे. एका ग्लासात दादा गायला लागला होता. लेक म्हणत होती, यंदा राहू द्या. मला वाटलं, यंदा राहिलं तर कायमचंच राहील. हिने शाईने लिहिलेली कृतीची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून लावलेली होती. ती काढली, ग्लासाला टेकवून उभी केली आणि कंबर कसली.

कृतीत कठीण काही नाही. ग्लासात साखरेचा चौकोनी खडा, त्यावर कडू अर्काचे तीन थेंब, वर गार वाइन आणि लिंबाच्या सालीचा एक तुकडा. थेंब मी ड्रॉपरने मोजले. चौतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. थेंब मोजण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. जावयाने विचारलं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर? मी गंभीरपणे 'आधी' म्हणून सांगितलं. (तो थट्टा करत होता, हे मागाहून कळलं.) पण जित्याची खोड! चौतीस वर्षांत एकही बाटली मी न हलवता कोणाच्या हातात दिलेली नाही. याही बाटलीच्या बुचावरची तार सोडली आणि बाटली चांगली दहा-बारा वेळा खालीवर हलवली. लेक ओरडली, "बाबा, नको!" तोवर बूच छताला लागून जावयाच्या कपाळावर आलं होतं. टेंगळावर मी मलम लावलं; तेवढं मला येतं. पडदे भिजले, टेबल भिजलं, आणि चिठ्ठीही भिजली.

शाई पार उतरली. लेकीने ती टिपकागदात दाबून धरली, जावयाने (टेंगळासकट) हेअर ड्रायर फिरवला. आता तिच्यावर 'साखर' एवढंच दिसतं. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझा जन्म गेला, वहिनी, पण ही चिठ्ठी काही लागेना. बाटलीत उरलेलं तिघांनी वाटून घेतलं. मला रडू आवरलं नाही. ती दोघं आपापल्या ताटात बघत राहिली.

तेव्हा विनंती अशी की, हिने ही कृती एकदा तुम्हालाही लिहून पाठवली होती, ती शोधून पाठवावी. मोठ्यांना नमस्कार. लहान आता कोणी उरलं नाही, तरी आशीर्वाद तयार आहेत.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. टेंगळाचं दादाला सांगू नये. वर्षभर पुरवेल.

ता. क. दुसरा : कृती मला तोंडपाठ आहे. तेव्हा तुमच्या अक्षरात उतरवून पाठवू नका, झेरॉक्सही नको. मला हिच्या हातचा कागद हवा आहे. कृती सापडली नाही तर तुम्हाला आलेलं हिचं कुठलंही पत्र चालेल. माझी गाऱ्हाणी केलेलं एखादं असेल, तर तेच पाठवा. ते सगळ्यांत लांबलचक असणार.