व्यासपीठावरचं पाणी

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही, एवढाच त्याचा गुण. काल तुझ्या बायकोनं हिला सांगितलं, की तुमची सात महिन्यांची लेक महिन्यात दुसऱ्यांदा जुलाबांनी हैराण झालीय, आणि तरी तू घरात पाणी उकळू देत नाहीस. पक्षाचे साहेब उद्‌घाटनाला नव्या जलकेंद्राचं पाणी सगळ्यांसमोर पेलाभर प्यायले, मग आपण कोण मोठे लागून गेलो, असं म्हणतोस म्हणे. तुमच्या घरातली शेगडीसुद्धा पक्षशिस्त पाळते, हे मला नवं होतं.

नानांनी आपल्या दोघा पोरांना न्यायशास्त्र, ते जुनं तर्काचं शास्त्र, शिकवायला घेतलं ते आठवतं? तू नववीत होतास. आप्त कोण, तर ज्यानं स्वतः पाहिलंय आणि खोटं बोलून ज्याला काही मिळायचं नाही, तोच. त्याचाच शब्द प्रमाण. त्यावर तू तोंड वर करून विचारलंस, मग नाना, तुम्ही तरी आप्त कशावरून? मला वाटलं, आता कानाखाली बसणार. नाना तीन दिवस खुशीत येईल त्याला ते सांगत होते. मला मात्र, इतकं पाठांतर करूनही, त्यांनी असं कधी मिरवलं नाही.

बावीस वर्षं मी पाणी तपासतोय. काचेसारखं दिसणारं, चवीला गोड पाणीही जंतूंनी भरलेलं असतं. नमुना घ्यावा, थांबावं, मग बोलावं. पेला तोंडाला लावून काही कळत नाही. तोंड कितीही मोठ्या माणसाचं असो. परवा मी हे तुझ्या पक्षातल्या मंडळींसमोर म्हणालो, तर तू म्हणालास, दादाला विरोधकांनी फितवलंय. अरे, मला आजवर हिला भाजी निवडायलासुद्धा फितवता आलं नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. उद्‌घाटनाच्या सकाळी आमच्या खात्याचे अभियंते माझ्या टेबलाशी आले. तपासणीचा अहवाल यायचाय, साहेबांना काही व्हायला नको, घरून उकळलेलं आणता का, म्हणाले. मी आणलं. मंचामागे तो पेला मीच भरला. साहेबांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास, मी पडद्याआडून बघत होतो. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: पिण्यास अयोग्य. तो कपाटात गेला आणि अडीच महिने मी गप्प बसलो. हे पाप माझं, साहेबांच्या नावावर टाकणार नाही. आज दुपारी अहवालाची प्रत आणि पेल्याची हकीकत माझ्या सहीनिशी वर्तमानपत्राला देऊन आलो. नोकरी बहुधा जाईल. उद्या वाचून तू मला गद्दार म्हणशील. म्हण. पण माझ्याही शब्दावर जाऊ नकोस. सोबत तपासणीच्या दोन बाटल्या पाठवतोय. एकीत नळाचं पाणी खुणेपर्यंत भर, दुसरीत उकळून गार केलेलं, आणि दोन दिवस उबेला ठेव. ज्या बाटलीतलं काळं पडेल, ते पाणी दूषित. तोवर लेकीला उकळलेलंच दे. दोन दिवसांत पक्ष बुडत नाही. आणि बाटल्या फेकूनच द्यायच्या असतील, तर खुशाल दे. फक्त फेकताना तिला कडेवर घे.

चिडलास तरी तुझाच,
दादा